सुसुकी

बार्शी रोडला, नान्नजच्या अलीकडे
नाना म्हणाले, थांबव.
स्कूटर सावलीत लावावी, तर सावली नव्हती.
गवत होतं फक्त, आणि वनखात्याची गंजलेली पाटी,
तिच्यावरच्या माळढोकाची चोच उन्हाने खाल्लेली.

सत्त्याऐंशी साली कंपनीने नानांना जपानला धाडलं,
धोट्याविना चालणारे माग शिकायला, एकवीस दिवस.
आमच्या बोळातून तोवर
भिवंडीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं.
येताना त्यांनी एक थर्मास आणला, आईला छत्री,
आणि एक शब्द : सुसुकी.
बोळाने ऐकलं, सुझुकी.
मोटरसायकल कुठाय, गाजूल मामा?
वर्षभर लोक विचारत राहिले.
अरे गवत, गवत! नाना सांगत राहिले.
रविवारी बसने डोंगरावर नेलं आम्हाला,
वर डोंगर संपतो आणि गवत सुरू होतं,
कमरेएवढं, पिंजलेल्या कापसाचे तुरे,
लोक तिकीट काढून बघायला येतात.
गवत? तिकीट काढून?
बोळ आणखी हसला.

फोटो आहे एक. कुणाचा तरी कोट,
बाह्यांतून बोटंसुद्धा बाहेर येत नाहीत.
मागे पांढुरकं काहीतरी. धुकं असेल, गवत असेल,
फोटोच तसा धुतला असेल.

आता त्यांना ऐकू येत नाही.
डॉक्टरांना म्हणाले, येत नाही असं नाही,
एकच येतं. खटखट. कारखाना बंद पडला तरी,
रात्री उशीवर सुद्धा.
एकदाच थांबली होती. तिथं वर. अर्धा तास.

म्हणून आज आलो.
हे मी त्यांना सांगितलं नाही,
त्यांनीही विचारलं नाही.

कार्तिकातला माळ. पवन्या तांबूस झालेला,
कुसळी सलवारीला धरून चालत होती.
वनरक्षक कोकाटे आडवा आला,
खिशात विडी-काडी नाही ना, काका?
नाना ओठ वाचतात.
म्हणाले, तिकडं मुद्दाम पेटवतात,
गावकरी मिळून, अख्खा डोंगर,
म्हणजे झाडं माजत नाहीत, गवत गवत राहतं.
कोकाटेने माझ्याकडे बघितलं.
इथं ठिणगी पडली तर माझी नोकरी जाते, ताई.

पुढे एक वाक्य मी सोलापूरपासून घोकत आणलं होतं,
ते नानांच्या कानाशी ओरडले,
ताणा लावल्यासारखं दिसतंय ना?
नाना बराच वेळ बघत राहिले.
नाही, म्हणाले.
हे कुणी विणलेलं नाही. म्हणून तर बघायचं.

मग तिथंच बसलो. कडक भाकरी मोडली,
शेंगाचटणी वाऱ्याने अर्धी नेली.
लांबवर काळवीट उभा होता की दगड,
यावर वाद चालू असताना दगड पळाला.

आणि पायापाशी काहीतरी फडफडलं,
चंडोल सरळ वर गेला,
एका जागी थरथरत राहिला.
मी ऐकत होते, नाना बघत होते.
ओरडतोय का तो?
हो.
कसा?
मला सांगता येईना. म्हटलं, खूप.
त्यांनी मान हलवली, जणू हिशेब जुळला,
आणि पक्षी खाली येईपर्यंत मान खाली घेतली नाही.
खटखट थांबली का, हे मी विचारलं नाही.
विचारायला ओरडावं लागलं असतं.

घरी आई त्यांच्या मोज्यांतली कुसळं काढत बसली,
तेलुगूत पुटपुटत,
मोजे माझे, गड्डी तुमची.
दारात दुडम उभा. त्याचा बाप हसायचा,
आता तो हसतो.
कुठं जाऊन आला, मामा?
सुसुकी बघून आलो.
कितीला पडली?
नानांनी त्याचे ओठ वाचले. सावकाश.
तिकीट नव्हतं, म्हणाले.